डीजे स्टेंट: साधा, सिलिकॉनचा की लेपवाला?

मुतखड्याचं ऑपरेशन ठरतं तेव्हा डॉक्टर सांगतात, ‘आत एक डीजे ठेवू, नंतर काढू.’ डीजे म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवायची बारीक नळी, म्हणजेच स्टेंट; दोन्ही टोकांना वेटोळं असतं. मग कुठला ठेवायचा, हा प्रश्न येतो. साधा, सिलिकॉनचा, लेप दिलेला. घरचे एकमेकांकडे बघतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, ‘महागातलाच टाका.’ त्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

माझ्या काकांचा डीजे सहा आठवड्यांनी काढायचा होता, निघाला सात महिन्यांनी. दुखणं थांबलं, पेरणी आली, राहून गेलं. सर्जननी तो ट्रेमध्ये दाखवला. मधली नळी अजून निळसर आणि लवचिक होती. मूत्राशयातलं वेटोळं मात्र पिवळट-पांढऱ्या खरखरीत थराखाली बोटाएवढं जाड झालेलं, गिझरची जुनी कॉइल दिसते तसं. तो थर लेसरने फोडला, तेव्हा कुठे नळी बाहेर आली.

हा थर चढतो कसा, ते समजलं की निवड सोपी होते. नळी आत गेली की लघवीतली प्रथिनं तिच्यावर चिकटून पातळ साय धरतात. पुढचं सगळं या सायीवर बसतं. लघवीत जंतू नसले तरी कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे धरू शकतात, विशेषतः ज्यांना मुळातच मुतखड्याची खोड आहे त्यांना. जंतुसंसर्ग असेल तर वेग फार वाढतो. प्रोटिअससारखे जंतू युरिएज या विकराने युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट क्षार भराभर साचतात. जंतू त्या चिकट थरात दडून बसतात, तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणून कुठल्याही नळीकडून अपेक्षा एवढीच ठेवायची की ती हे लांबवेल. काहीच चढत नाही अशी नळी अजून बनलेली नाही.

साधा डीजे म्हणजे पॉलियुरेथेनचा. थोडा ताठ असल्याने बसवताना आधी आत घातलेल्या बारीक वायरवरून सहज सरकतो, भिंत पातळ ठेवूनही आतलं छिद्र मोठं राहतं, आणि तो स्वस्त आहे. ताठपणामुळे काहींना मूत्राशयात टोचतो, आणि थर लवकर धरतो. मुतखड्याच्या रुग्णांमधल्या याच नळ्यांचा एक अभ्यास रियाधहून 1991 साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्यांपैकी 9.2 टक्के नळ्यांवर थर होता, सहा ते बारा आठवड्यांत 47.5 टक्के, त्यानंतर 76.3 टक्के. हे तीन आकडे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाचे आहेत.

सिलिकॉन या कामात जुनाच. 1967 मध्ये सिलिकॉनची सरळ नळी दुर्बिणीतून बसवल्याची नोंद आहे. ती जागेवरून सरकायची, म्हणून 1978 मध्ये दोन्ही टोकांना वेटोळी आली आणि डबल-जे हे नाव पडलं. सिलिकॉन गुळगुळीत, मऊ, लघवीत न बदलणारं. बेलफास्टच्या संशोधकांनी 1996 मध्ये पाच प्रकारच्या नळ्या कृत्रिम लघवीत ठेवून पाहिल्या, त्यात सर्वांत कमी थर सिलिकॉनवर चढला. पण हा मऊपणाच कधी आडवा येतो. वायरवर ती घासते, अरुंद जागेतून ढकलताना दुमडते, आणि बाहेरून गाठीचा दाब असेल तर चेपते. सर्जन ‘इथे सिलिकॉन नको’ म्हणाले तर ते ऐकावं.

लेपांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. हायड्रोजेल पाणी धरतं, नळी बुळबुळीत होते, बसवायला सोपी जाते. थर कमी होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा हिऱ्यासारख्या कार्बनच्या लेपावर कमी चिकटतं, असं लहान अभ्यासांत दिसलंय, आणि ही वाट मला पटते, कारण तिथे मुळात चिकटूच द्यायचं नाही असा विचार आहे. ट्रायक्लोसान किंवा चांदी जंतूंना मारते. पण औषध संपतं, मेलेल्या जंतूंचीच साय होते आणि नवे तिच्यावर बसतात. लेपवाला सुचवला तर एवढंच विचारा: लेप कशाचा, आणि किती दिवस टिकतो?

कर्करोगाच्या गाठीने मूत्रवाहिनी दाबली असेल तर निकेल-कोबाल्ट मिश्रधातूचा स्टेंट असतो. तो वर्षभरापर्यंत ठेवता येतो, पण थर त्याच्यावरही चढतो.

दोन-चार आठवड्यांचं काम असेल, लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, स्वच्छ असेल, तर साधा घ्या. वाचलेले पैसे औषधाला लावा. दोन-तीन महिने ठेवायचा असेल किंवा खडे वारंवार होत असतील, तर सिलिकॉनवर खर्च करावा. गरोदरपणात लघवीतलं कॅल्शियम वाढतं, म्हणून तिथे कुठलाही असला तरी साधारण चार ते सहा आठवड्यांनी बदलतात. आणि कल्चरमध्ये जंतू निघाले तर आधी त्यांचा इलाज, मग नळीची चर्चा.

काकांच्या दुसऱ्या बाजूचा खडा पुढच्या वर्षी काढला. पंधरा दिवसांचंच काम, म्हणून साधाच टाकला. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला लाल पेनाने गोल केला आणि त्या दिवशी सकाळी स्वतः त्यांना घेऊन गेल्या. या वेळी ट्रेमधलं वेटोळं स्वच्छ होतं.