व्ही-क्रॉसचे ऑफ-रोड काम : भोसरीच्या एका गॅरेजचा सविस्तर अनुभव

इसुझुची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप 2016 पासून आपल्याकडे विकली जाते आणि कारखान्यातून येते तशीही ती वाईट रस्त्याला घाबरणारी गाडी नाही. जमिनीपासून 225 मिमी उंची, भक्कम चॅसी आणि गोल बटण फिरवून चारही चाकांना ताकद देणारे फोर-हाय (वेगासाठी) व फोर-लो (संथ, जास्त जोरासाठी) एवढ्या भांडवलावर ती पावसाळ्यातील बहुतेक पाणंद रस्ते पार करते. अडचण होते ती लांबीची. पुढच्या आणि मागच्या चाकांत 3,095 मिमी अंतर असल्यामुळे शेताचा उंच बांध ओलांडताना पुढची चाके उतरून जातात, मागची अजून चढायची असतात आणि मधले पोट बांधावर टेकते. शिवाय मागचे पाटे भरलेल्या हौद्याचा हिशेब धरून बसवलेले असल्याने रिकामी गाडी खड्ड्यांतून उडत जाते. मला बार्शीकडच्या काळ्या रानात आणि दापोलीकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, अशा दोन्ही ठिकाणी गाडी न्यावी लागते. म्हणून माझ्या 2.5 लिटर इंजिनाच्या व्ही-क्रॉसचे सस्पेन्शन, टायर आणि खालचे संरक्षण एवढे काम मी भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका गॅरेजकडे सोपवले. पुढे तक्रारीही येणार आहेत, त्यामुळे गॅरेजचे नाव लिहीत नाही. काम करून घेताना काय पाहावे, हे कळले तरी वाचकाचे भागेल.

या गॅरेजविषयी माझे मत चांगले झाले ते मालकांच्या पहिल्याच प्रश्नामुळे. याआधी ज्या ज्या ठिकाणी चौकशी केली होती, तेथे ‘किती इंच उचलायची?’ असेच विचारले गेले. येथे मालकांनी ‘साहेब, हौद्यात कायम किती वजन असतं?’ असे विचारले आणि उत्तरावर न थांबता हौद्यावरची कॅनॉपी (टप), हत्यारांची पेटी व जादा स्टेपनी धरून गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे लिहून घेतले. हा हिशेब महत्त्वाचा असतो, कारण एआरबी कंपनीच्या ओल्ड मॅन एमूसारख्या सस्पेन्शन-श्रेणीत एकाच गाडीसाठी निरनिराळ्या वजनांच्या स्प्रिंगा आणि पाटे मिळतात. तीनशे किलोंच्या कायम ओझ्यासाठीचे पाटे रिकाम्या गाडीला लावले, तर पैसे खर्चूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त आपटते. माझे कायमचे ओझे दीडशे किलोंच्या आसपास भरल्याने त्यांनी मधल्या ताकदीचे पाटे सुचवले आणि उंची 40 मिमीच वाढवली. या गाडीचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने उंची 50 मिमीच्या पुढे नेली, तर पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, सांध्यांवरची रबरी बूटे लवकर फाटतात आणि मग डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घ्यावे लागते, हे त्यांनी जुना, फाटका बूट हातात देऊन दाखवले. स्ट्रटवर (पुढच्या स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या जोडावर) नुसती चकती ठेवून गाडी उचलण्याचा स्वस्त प्रकारही त्यांनी नाकारला, कारण त्यात उंची दिसते, पण सस्पेन्शन काही सुधारत नाही.

बसवण्याचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले. पाटे आसाला आवळून धरणारे मागचे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरण्याची चूक फार ठिकाणी होते; एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. येथे ते नवे आले. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे पाट्यांच्या आणि पुढच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना फक्त हाताने धरवले गेले, गाडी चाकांवर उतरवून दोनचार वेळा दाबून बसू दिली गेली आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने पक्के केले गेले. हवेत लटकलेल्या अवस्थेत हे बोल्ट आवळले की रबरी बुश कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात करकरू लागते. मेस्त्रींनी हे कोणी न सांगता केले, आणि माझ्या दृष्टीने त्यांची मजुरी तेथेच वसूल झाली.

टायरच्या बाबतीत माझे आणि त्यांचे पूर्ण जमले नाही. मूळचे 255/60 आर 18 काढून 17 इंची रिमवर 265/65 मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले. व्यास 763 वरून 776 मिमी झाला, म्हणजे आसाखाली जेमतेम साडेसहा मिमीची भर पडली. खरा फायदा टायरच्या भिंतीचा आहे, ती 153 वरून 172 मिमी झाल्याने हवेचा दाब 20 पीएसआयपर्यंत उतरवून दगडांवरून जाताना रिमला मार बसत नाही. स्पीडोमीटर सुमारे पावणेदोन टक्के कमी दाखवतो, त्याचे मला काही वाटत नाही. दापोलीच्या सड्यावर हे टायर उत्तम चालले. काळ्या रानात मात्र, पाऊस पडून गेल्यावर, नक्षीच्या खाचा चिखलाने लिंपून गुळगुळीत होतात आणि फोर-लो लावूनही गाडी जागच्या जागी घसरते. काळ्या मातीत रोज जाणाऱ्याने मोठ्या खाचांचे मड-टेरेन टायरच घ्यावेत आणि हमरस्त्यावरचा घोंगावणारा आवाज सहन करावा. ही गोष्ट गॅरेजने आधी स्पष्टपणे सांगायला हवी होती.

इंजिन आणि गिअरबॉक्सखाली बसवलेली पोलादी पत्र्याची बॅश प्लेट जाड आहे, तिच्या घड्या नीट आहेत आणि बांधावर टेकल्याच्या खुणा आता इंजिनाच्या तळातील ऑइल संपऐवजी तिच्यावर दिसतात. पण तिला ऑइल सोडण्यासाठी भोकच ठेवलेले नाही, त्यामुळे दर सर्व्हिसिंगला सगळी प्लेट उतरवावी लागते. स्नॉर्केलचे, म्हणजे इंजिनासाठी हवा उंचावरून घेणाऱ्या नळीचे, काम तर मला साफ नापसंत आहे. बाहेरून ते देखणे दिसते, पण एअर फिल्टरच्या डब्याशी जोडणारा सांधा नुसत्या सिलिकॉनने लिंपून दिला होता, आणि तेथून पाणी आत जाणार असेल तर वर चढवलेल्या नळीचा उपयोग काय? उलट डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर (आतली हवा आतबाहेर होऊ देणाऱ्या) नळ्या बॉनेटपर्यंत उंच नेण्याचे काम त्यांनी चोख केले. ओढ्याच्या गार पाण्यात तापलेला आस शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी ओढून घेते. काही शे रुपयांच्या नळीने हे टळते.

पोलादी बंपर आणि छतावरची दिव्यांची पट्टी घेण्याचा आग्रह झाला, तो मी मानला नाही. क्रॅश गार्ड आणि बुल बार लावण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग मानून कारवाई करावी, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीच्या पुढे पोलाद उभे केले की धक्का संवेदकापर्यंत कसा पोचेल याची खात्री राहत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. माझी वाढवलेली उंचीही या कसोटीवर निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. गॅरेजने याविषयी चकार शब्द काढला नाही, हा मी मोठा दोष मानतो. विमा कंपनीला लेखी कळवण्याचे मला स्वतःलाच सुचावे लागले.

रिम आणि टायर धरून बिल साडेतीन लाखांच्या घरात गेले, पण ते पक्के मिळाले आणि प्रत्येक सुट्या भागाची किंमत वेगळी लिहिलेली होती. व्हील अलाइनमेंट बाहेरच्या दुकानात पाठवून करतात, तेव्हा कॅम्बर आणि कॅस्टरचे (चाकांच्या तिरकेपणाच्या कोनांचे) आकडे छापून मागून घ्यावेत. गाडीची उंची बदलल्यावर हेडलाइट खाली वळवायचे राहून गेले होते, ते नंतर विनातक्रार करून दिले. हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी गाडी आणायला सांगतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. मात्र शनिवारी तेथे जीप आणि थारवाल्यांची रांग असते, म्हणून मधल्या वारी सकाळी लवकर जावे.