मेमरी फोमचे इनसोल : सहा महिने कौतुकाचे, नंतर टाचदुखीचे

जुलैमध्ये 649 रुपयांना घेतलेल्या, बुटात तळव्याखाली घालायच्या या इनसोलची मी सुरुवातीला इतकी स्तुती केली होती, की सोसायटीतील दोघांनी माझ्या शब्दावर तेच विकत घेतले. त्यामुळे पुढचा अनुभवही लिहिणे मला भाग आहे.

नवा असताना हा फोम तळपायाच्या उष्णतेने मऊ होऊन तळव्याचा आकार घेतो, भार अधिक क्षेत्रावर पसरतो आणि टाच व चवडा यांवरील दाब कमी होतो. तलावपाळीला पेव्हर ब्लॉकवरून पाऊण तास फेऱ्या मारूनही टाच कुरकुरत नसे. जानेवारीत मात्र पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना कळ येऊ लागली. दोष बुटांचा समजून नवे बूट घेण्यापूर्वी इनसोल काढून पट्टीने मोजले, तर तळव्याच्या कमानीखाली सात मिलिमीटर आणि टाचेखाली जेमतेम चार.

बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा भरून येईपर्यंत मनात तीन अंक मोजून होतात. चालताना पाय हवेत असतो तो अर्ध्या सेकंदाहूनही कमी, म्हणजे पुढचे पाऊल दबलेल्या फोमवरच पडते. नव्या फोमचीही हीच गत आहे. जाडी शाबूत असते तोवर ती जाणवत नाही, इतकेच. ही बोटाची परीक्षा मी आता प्रत्येक दुकानात घेतो, त्यामुळे पत्नीने माझ्याबरोबर बूटखरेदीला येणे थांबवले आहे.

पावतीवर एक वर्षाची हमी होती. ती फक्त शिलाईची, असे दुकानदाराने सांगितले. इनसोलला शिलाईच नाही.

त्यानंतर 900 रुपयांचे पॉलियुरेथेन या दुसऱ्या फोमचे इनसोल घेतले. ते पायाला इतके कडक लागले की पहिल्या आठवड्यात मी त्याविरुद्धच लिहिणार होतो. मात्र ते पाय उचलताच पूर्ववत होते, सहा आठवड्यांनंतरही टाचेखालची जाडी तेवढीच आहे आणि सकाळची कळ बरीच ओसरली आहे. घाम शोषत असल्याने रात्री ते बाहेर काढून ठेवावे लागते. बुटांसोबत आलेले ईव्हीए या आणखी एका फोमचे इनसोल हलके होते, पावसाचे पाणीही पीत नसे, पण टाचेखाली तेही चपटे झाले होते.

मेमरी फोम महिन्याला 108 रुपयांना पडला. त्याचे तुकडे सध्या शिलाई मशीनच्या पायांखाली आहेत. तिथे भार उचललाच जात नसल्याने त्याच्याविषयी तक्रार नाही.