लो-कार्ब ग्रुपचा फुकटचा पहिला आठवडा

लो-कार्बच्या, म्हणजे भात, पोळी, साखर यांतली कर्बोदकं (कार्ब) कमी खाण्याच्या आहाराच्या, नावाने चालणाऱ्या फसव्या ग्रुपमध्ये पहिला आठवडा सहसा फुकट असतो. फी नाही, किट नाही, रोज सकाळी फक्त वजनकाट्याचा फोटो टाकायचा. सातव्या-आठव्या दिवशी काटा दोन किलोने खाली आलेला असतो, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो आणि त्याच संध्याकाळी कोचचा फोन येतो: "तुमची बॉडी काय मस्त रिस्पॉन्स देतेय! आता थांबलात तर सगळं वाया जाईल." आवळा देऊन कोहळा काढायची ही वेळ अंदाजपंचे ठरलेली नसते. ती शरीरातल्या पाण्याच्या हिशोबावर बेतलेली असते.

हिशोब असा. खाल्लेल्या कर्बोदकांचा काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. दिवसाचे कार्ब २० ते ५० ग्रॅमवर आणले की थोड्याच दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्याच्यामागून आणखी पाणी जातं. मिळून दीड-दोन किलो, अंगाने मोठ्या माणसाचं त्याहूनही जास्त. कोच असो वा नसो, ग्रुप असो वा नसो, एवढं वजन उतरणारच. फसवा ग्रुप तुम्हाला तुमचंच पाणी दाखवून त्याचं श्रेय घेतो.

"आठवड्यात ५ किलो फॅट" अशी जाहिरात दिसली तर कागदावर एक गुणाकार करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. पाच किलोंच्या ३८,५०० झाल्या, म्हणजे रोज ५,५०० कॅलरींची तूट. बहुतेक माणसं दिवसभरात एवढ्या कॅलरी खर्चच करत नाहीत, मग अख्खा आठवडा उपाशी राहिलं तरी ती तूट येणार कुठून? रोज ७०० ची तूट पडली तर एक किलो चरबी जायला अकरा दिवस लागतात. खरा वेग हा आहे, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे जाहिरातीत कधी दिसत नाही.

फी भरून झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा अडतो. पाणी जायचं तेवढं गेलेलं असतं, आता चरबी तिच्या गतीने उतरत असते आणि शरीराचं वजन तर रोजच्या रोज किलोभर इकडेतिकडे होतच असतं. त्या हेलकाव्यात आठवड्याची अर्धा किलो घट सहज बुडून जाते. हे सगळं नॉर्मल आहे, पण ग्रुपमध्ये त्याला "मेटाबॉलिझम लॉक झालाय" म्हणतात आणि कुलूप उघडायला किट, म्हणजे ग्रुपकडूनच घ्यायचा पावडरी-सॅशेंचा संच, पुढे येतं. एखाद्याने वैतागून दोन दिवस पोटभर भात किंवा ब्रेड खाल्ला तर ग्लायकोजेन भरतं, पाणी परत येतं, काटा दीड किलो वर जातो. लगेच स्क्रीनशॉट फिरतो: किट न घेणाऱ्याचं काय होतं बघा.

किटमधली सगळ्यात महाग वस्तू बहुधा कीटोन पावडर असते. त्यातली हातचलाखी जवळून बघण्यासारखी आहे. चरबी जळताना यकृत त्यातून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं. रक्तात बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे बीएचबी, मोजलं जातं आणि ०.५ ते ३ मिलीमोल प्रति लिटर या पट्ट्याला पोषणजन्य कीटोसिस म्हणतात. पावडरमध्ये हेच बीएचबी क्षाराच्या रूपात भरलेलं असतं. ग्लासभर प्यायलं की तासाभरात मीटरवरचा आकडा चढतो. चढणारच, कारण जे मोजायचं तेच तोंडावाटे आत गेलं! त्या आकड्यावरून अंगावरची चरबी जळाली असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट बाहेरून आलेले कीटोन चरबी मोकळी होण्याची क्रिया काही काळ मंदावतात, आणि पावडरच्या स्वतःच्या कॅलरी असतात त्या वेगळ्याच. पडताळणी करायची तर सकाळी उपाशीपोटी, पावडर घेण्याआधी मोजा. कोच हटकून "प्यायल्यावर एका तासाने मोजा" असं का सांगतो, ते मग लक्षात येईल.

लघवीत बुडवून कीटोन तपासायच्या पट्ट्यांची गोष्ट निराळी. त्या बीएचबी मोजतच नाहीत, त्यांना ॲसिटोॲसिटेट हा दुसरा कीटोन कळतं. भरपूर पाणी प्यायलात तर रंग फिका, कमी प्यायलात तर गडद. डबी उघडी राहिली, दमट हवा लागली की पट्ट्या खराब होतात. आहाराला सरावलेल्या माणसाचा रंग काही आठवड्यांनी आपोआप फिका पडू शकतो आणि वजन मात्र उतरत असतं. नेमकी हीच फिकी पट्टी दाखवून "तुम्ही कीटोसिसमधून बाहेर पडलात" असं सांगत दुसरा डबा विकला जातो. "मेटाबॉलिक एज" दाखवणारा काटाही त्याच जातीचा. तो पायातून सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतो आणि बाकीचे आकडे सूत्राने काढतो. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की चरबीची टक्केवारीही हलते. "मेटाबॉलिक एज" तर कंपनीच्या स्वतःच्या सूत्रातून येतं, त्यावर कुठलाही उपचार ठरत नाही.

आता ग्रुपचे "कीटो" बार. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "नेट कार्ब ४ ग्रॅम" असतं, म्हणजे न पचणारा भाग वजा करून उरलेली कर्बोदकं. पाकीट उलटा. समजा मागे एकूण कर्बोदकं २४ ग्रॅम, तंतू ५ आणि माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) १५ ग्रॅम आहे. त्यांनी २४ मधून ५ आणि १५ दोन्ही वजा केले, म्हणून ४ उरले. पण माल्टिटॉल ही पूर्ण वजा करायची गोष्ट नाही. ते बऱ्यापैकी पचतं, साखरही वाढवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे दोनाहून थोड्या जास्त कॅलरी असतात. निदान अर्धं तरी धरायला हवं. तसं धरलं तर बार ११.५ ग्रॅमचा होतो. ग्रुपच्या तक्त्यात दिवसाला तीन बार असतील तर कागदावर १२ ग्रॅम आणि पोटात ३४.५. ज्याची मर्यादाच २० ग्रॅमची आहे त्याचा दिवस नुसत्या बारांवरच संपून वर १४.५ ग्रॅम झाले, आणि अजून जेवण व्हायचंय. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात, ते वेगळंच. त्याच जातीचं एरिथ्रिटॉल असेल तर वजाबाकी मान्य, ते जवळजवळ न वापरता बाहेर पडतं. "शुगर-फ्री" पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ती खाली ठेवा. त्याची गणती साखरेत होत नाही म्हणून पाकिटावरचा दावा टिकतो, पण रक्तातली साखर ते ग्लुकोजच्याच तोडीने चढवतं.

डोकं दुखणं, पेटके, गळून जाणं या पहिल्या आठवड्यातल्या त्रासालाही किटमध्ये उत्तर असतं: इलेक्ट्रोलाइट सॅशे. सॅशेवर सोडियम ३०० मिलीग्रॅम लिहिलं असेल तर ते छोट्या चमच्याच्या आठव्या भागाइतकं मीठ झालं, कारण पाव छोट्या चमच्यात साधारण ६०० मिलीग्रॅम सोडियम असतं. कपभर गरम सूपमध्ये मीठ थोडं जास्त घातलं की काम होतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, आणि हे वाक्य कुठल्याही सॅशेवर ठळक छापलेलं दिसत नाही.

ग्रुपची रचनाही विक्रीसाठीच बांधलेली असते. नवा मेंबर आत येतो तेव्हा त्याला फक्त यशस्वी चेहरे दिसतात, कारण ज्यांचं वजन उतरलं नाही ते एकतर गप्प बसलेले असतात किंवा ॲडमिनने काढून टाकलेले असतात. प्रश्न विचारला की "पर्सनलवर या". रिफंडचा शब्द काढला की मेसेज गायब. वजन उतरलं तर श्रेय किटचं आणि नाही उतरलं तर खापर मेंबरवर: तुम्ही चोरून खाल्लं असणार, पाणी कमी पडलं, मनात शंका होती. अशी पद्धत कधी खोटी ठरतच नाही. आधी-नंतरच्या फोटोंत बघा, आधीचा फोटो जेवणानंतर, पोट सैल सोडून, वरच्या एकाच दिव्याखाली काढलेला असतो. नंतरचा सकाळी, श्वास आत ओढून, बाजूच्या उजेडात. एकाच दिवसात दोन्ही काढता येतात.

आणखी काही आठवडे गेले की "तुमच्यात लीडर दिसतो" हा फोन येतो. कोच व्हायला स्टार्टर किट घ्यायचं, "ॲक्टिव्ह" राहायला दरमहा ठरावीक माल उचलायचा आणि कमाई मुख्यतः खाली जोडलेल्या माणसांच्या खरेदीवर. तुमचा कोच तुमच्याशी इतका गोड का बोलत होता, त्याचं उत्तर या हिशोबात सापडतं. त्याच्या डोक्यावरही महिन्याचा कोटा असतो. म्हणून अशा ठिकाणी कोचवर चिडून फारसा उपयोग होत नाही. बऱ्याचदा तोही त्याच गळाला लागलेला असतो.

इथपर्यंत नुकसान पैशाचं आहे. पुढचं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने कार्ब अचानक तोडले आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांचा डोस तोच राहिला तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणं आहेत, आणि ग्रुपमध्ये त्यांना "डिटॉक्स" म्हणतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर धोका आणखी फसवा असतो: या औषधांवर कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं, होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागत असेल तर मीटरवरची साखर बरी दिसते म्हणून घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की उठताना चक्कर येते. ज्या ग्रुपने आत घेताना "कोणती औषधं चालू आहेत" हे विचारलं नाही, त्याच्याबद्दल आणखी काही तपासायची गरज नाही.

लेबल नसलेल्या कॅप्सूल, झिपच्या पुडीतला "हर्बल फॅट कटर" किंवा रात्री घ्यायचा "क्लीन्झ" आला तर तोंडात घालू नका. वजनाच्या "नैसर्गिक" गोळ्यांमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याची प्रकरणं वारंवार घडली आहेत. हृदयाला धोका असल्याचं दिसल्यामुळे युरोप-अमेरिकेत हे औषध २०१० मध्ये बाजारातून काढलं गेलं. रेचकं आणि लघवी वाढवणारी औषधंही मिसळलेली असतात. काटा त्यांनी झटकन उतरतो, तेही पुन्हा पाणीच, आणि सोबत पोटॅशियम गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशी पुडी घेतली गेली असेल तर फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

लो-कार्ब पद्धत खोटी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ती कुणाच्या मालकीचीही नाही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी (फिट्ससाठी) कीटोजेनिक, म्हणजे शरीरात कीटोन तयार होतील इतका कमी कार्बचा, आहार सुचवला तेव्हापासून तो वैद्यकात आहे. ग्रुपच्या आधाराचाही उपयोग होतो. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांना गटागटाने शिकवण्याचे वर्ग होते. लो-कार्ब गटाचं वजन सरासरी ६.० किलो उतरलं, लो-फॅट गटाचं ५.३, म्हणजे फरक दखल घेण्याजोगा नव्हता. पण प्रत्येक गटात कुणाचं तीसेक किलो कमी झालं होतं, तर कुणाचं दहाच्या आसपास वाढलं होतं. जाहिरातीत चेहरा कायम त्या तीसवाल्याचा. चांगला ग्रुप तुम्हाला सरासरी सांगेल, किती जण मध्येच सोडून गेले तेही सांगेल आणि काहीही विकत घेतल्याशिवाय तिथे राहता येईल.

पैसे अडकले असतील तर क्रम महत्त्वाचा आहे. भांडायच्या आधी पुरावा गोळा करा, कारण "रिफंड" लिहिल्या क्षणी ग्रुपमधून बाहेर काढलं जातं आणि चॅट हाताशी राहीलच असं नाही. जाहिरात, दाव्यांचे मेसेज, पैसे भरल्याची पावती, अटींचं पान, पाकिटाच्या दोन्ही बाजू, बॅच नंबर, सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा. मग रद्द करत असल्याचं लेखी कळवा, फोनवर नको. "फक्त कुरिअरचा खर्च द्या" म्हणून घेतलेल्या ट्रायलमध्ये दरमहा आपोआप पैसे कापायची संमती आधीच टिक केलेली असू शकते. बँकेच्या ॲपमध्ये ती मंजुरी शोधून स्वतः बंद करा. विक्रेता दाद देत नसेल तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल लेखी डिस्प्यूट टाका. त्याला मुदत असते आणि "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणत विक्रेता तीच मुदत खात असतो. उरलेले डबे सीलसकट ठेवा, उघडलेला माल परत घेत नाहीत. आणि नुसतं कार्ड बदलून निर्धास्त होऊ नका: काही ठिकाणी नव्या कार्डाचा नंबर जुन्या सबस्क्रिप्शनला आपोआप जोडला जातो, म्हणून मंजुरीच रद्द झाल्याची बँकेची पोच हातात येईपर्यंत खात्यावर नजर ठेवा.