लिब्रेऑफिसचं बगझिला: तक्रार टाकण्याइतकंच पडताळण्यासाठीही

मी डीटीपीचं काम करते. स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल. बराचसा मजकूर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या रायटरमधूनच जातो. त्यामुळे त्यांच्या बगझिलावर, म्हणजे बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या बिघाडांच्या) तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर, माझं येणंजाणं असतं, नवी तक्रार टाकायला कमी आणि इतरांच्या पडताळून बघायला जास्त.

बगझिला मुळात १९९८ साली मोझिला या ब्राउझर-प्रकल्पासाठी तयार झालं आणि त्याचं वय दिसतं. रकाने भरपूर, सगळं इंग्रजीत. पहिल्यांदा उघडणारा बिचकतोच. पण इथला एक शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो: आपलीच तक्रार आपण खरी ठरवायची नाही. नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ (न पडताळलेली) असते. दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर तेच करून बघायचं, तसंच घडलं तर ती ‘न्यू’ (म्हणजे पडताळलेली) करायची. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. देवनागरीच्या नोंदी तर आपणच बघायला हव्यात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ मोडलाय की बरोबर आहे, हे जर्मनीतल्या प्रोग्रॅमरला नुसतं बघून कसं कळणार?

म्हणून नोंद अशी हवी की अनोळखी माणसाला ती जशीच्या तशी करून बघता यावी. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलं तर ‘नीडइन्फो’ (आणखी माहिती हवी) असा शेरा लागतो, आणि सहा महिने उत्तर दिलं नाही तर तशी आठवण करणारा संदेश येतो. त्याऐवजी असं लिहावं: नवी फाइल उघडली, अमुक फॉन्ट लावला, ‘दुसऱ्या’ टाइप केलं, पीडीएफ काढली, पडद्यावर जोडाक्षर बरोबर, पीडीएफमध्ये सुटं. सोबत तेवढ्या एकाच शब्दाची फाइल जोडावी. ग्राहकाची अख्खी फाइल कधीही चढवू नका, जोडलेलं सगळं जगाला दिसतं. आवृत्तीची माहिती ‘अबाउट’च्या खिडकीतून एका बटणाने कॉपी होते, ती तशीच चिकटवायची. आधी सेफ मोडमध्येही (आपली सेटिंग बाजूला ठेवून) बघून घ्यावं, म्हणजे बिघाड आपल्या सेटिंगमुळे नाही ना, हे कळतं.

फॉन्ट बदलून बघणं मात्र टाळू नका. आवृत्ती ५.३ पासून विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे अक्षरजुळणी हार्फबझ हे एकच सॉफ्टवेअर करतं. एकाच फॉन्टमध्ये गडबड असेल तर दोष बहुधा त्या फॉन्टचा, आणि नोंद ‘नॉटअवरबग’ (आमचा बग नाही) म्हणून बंद होते. ते योग्यच आहे. तीच फाइल घेऊन फॉन्टवाल्यांकडे जावं.

आधी चालत होतं आणि आता बिघडलं, अशा बगसाठी ‘बायबिसेक्ट’ आहे. जुन्या-नव्या बिल्डच्या (एकेका टप्प्यावर तयार केलेल्या लिब्रेऑफिसच्या प्रतींच्या) साठ्यातून मधली उघडायची, बरी की बिघडलेली ते सांगायचं, उरलेल्यांतली पुन्हा मधली. हजारभर बिल्डमधून दहाएक फेऱ्यांत नेमका बदल हाती येतो. डाउनलोड मोठं असतं, पण प्रोग्रॅमरचं काम इतकं हलकं करणारी दुसरी मदत आपल्यासारख्यांकडून क्वचितच होते.

दुरुस्ती झाली की नोंदीवर आपोआप टिपण येतं: कोणत्या आवृत्तीत मिळेल, आणि एकदोन दिवसांत रोजच्या बिल्डमध्ये येईल. ती बिल्ड आपल्या नेहमीच्या लिब्रेऑफिसला धक्का न लावता वेगळी बसते. तिच्यात ती एका शब्दाची फाइल उघडून बघा, आणि ठीक असेल तर तसं नोंदीवर लिहा.