कोविडसारख्या वेळी आलेला पैसा: हातात रोख, धंद्याला कर्ज, की वॉर्डात दवाखाना?

महापालिकेच्या बजेटच्या आधी बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीतर्फे नगरसेवकांना एक निवेदन द्यायचं ठरलंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडं आलंय. मुद्दा एकच, परत कधी कोविडसारखी वेळ आली, किंवा आत्ता सुद्धा वॉर्डाच्या वाट्याला चार मोकळे पैसे आले, तर ते कशावर घाला म्हणून सांगायचं. मंडळाच्या खोलीत दोन रात्री यावरच बोलणं झालं. कोण म्हणतंय लोकांच्या हातात रोख द्या, कोण म्हणतंय धंद्याला कर्ज मिळवून द्या, कोण म्हणतंय दवाखाना करा म्हणजे कायमचं राहील. तुमच्या गल्लीत पण हेच चाललं असेल, अनगोळ असूदे, येळ्ळूर असूदे नाहीतर निपाणी, तर हे वाचा. मी तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्यात आणि माझं मत काय तेही शेवटपर्यंत येईलच.

आधी बाहेर काय झालं ते थोडक्यात. अमेरिकेत ११ मार्च २०२१ ला अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायदा झाला आणि त्यातनं राज्यं, काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या), शहरं सगळ्यांना मिळून ३५० अब्ज डॉलर गेले. एकट्या शिकागोला १.९ अब्ज, डेट्रॉइटला साधारण ८२.७ कोटी डॉलर. कशावर घालायचे त्याची चौकट वरनं आखून दिलेली, म्हणजे आरोग्य आणि लोकांचं बुडालेलं उत्पन्न, जीव धोक्यात घालून काम केलेल्यांना जादा पगार, शहराचा बुडालेला महसूल, आणि पाणी-ड्रेनेज-इंटरनेट, पण चौकटीच्या आत ठरवायचं शहरानंच. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कामं पक्की करायची आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पैसा खर्चून मोकळं व्हायचं. शिकागोनं ५,००० कुटुंबांना वर्षभर महिन्याला ५०० डॉलर दिले, कशावर खर्च केले ते विचारलं नाही. टोलेडो शहरानं आणि तिथल्या काउंटीनं मिळून १६ लाख डॉलर बाजूला काढले ते लोकांची दवाखान्याची थकलेली बिलं फेडायला, आणि अशी बुडीत बिलं बाजारात कवडीमोलानं मिळतात म्हणून तेवढ्यात २४ कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज मिटवता येईल असा हिशोब होता. हे वाचल्यावर मला पैशाच्या आकड्यापेक्षा एकच गोष्ट लागली, की एका शहरानं बिलं निवडली, दुसऱ्यानं रोख निवडली, आणि हे त्यांना निवडता आलं.

आपल्याकडं असा मोकळा पैसा शहराच्या हातात आलाच नाही. पॅकेज राज्यानं जाहीर केलं, कुणाला किती ते बेंगळूरला ठरलं. आणि समजा आला असता तरी बेळगावात ठरवायला होतं कोण? महापालिकेची मुदत मार्च २०१९ ला संपलेली, निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर बसले फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे दोन्ही लाटा प्रशासकाच्या कारभारात गेल्या, ५८ वॉर्डांपैकी एकाही वॉर्डात लोकांनी निवडलेला माणूस सभागृहात नव्हता. म्हणून मी म्हणतो निवेदन द्यायला पाहिजेच, कारण आता विचारायला माणूस आहे.

हातात रोख

याचा फायदा सांगायला नको, घरात पीठ संपलेलं असताना दुसरं काय कामाला येत नाही. मे २०२० मध्ये कर्नाटकानं १,६१० कोटींचं पॅकेज काढलं, त्यात रिक्षा-टॅक्सी ड्रायव्हर, न्हावी आणि परीट यांना एकदाच ५,००० रुपये. दुसऱ्या लाटेत मे २०२१ ला १,२५० कोटींचं आलं, त्यात ड्रायव्हरना ३,०००, बांधकाम कामगारांना ३,०००, टेलर, न्हावी अशा असंघटितांना २,०००, फेरीवाल्यांना २,०००. मग जूनमध्ये ५०० कोटींचं अजून एक, त्यात यंत्रमाग कामगारांना ३,०००. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रानं ५,४७६ कोटी जाहीर केले आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना आणि बांधकाम कामगारांना १,५०० दिले. आमच्याकडं ही तुलना घराघरात झाली, कारण चंदगडला, कोल्हापूरला पाहुणे नाहीत असं घर नाही आणि दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी चेकपोस्टवर आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय भेटता पण येत नव्हतं, त्यामुळं सगळं फोनवर, तुमच्यात किती दिलं, आमच्यात किती दिलं.

पण रक्कम किती यापेक्षा कुणाला हाच खरा प्रश्न हे मला आमच्या गल्लीनं शिकवलं. यंत्रमागावर साडी विणणारा कामगार वेगळा आणि त्याला कांड्या, म्हणजे मागावर लागणाऱ्या सुताच्या छोट्या नळ्या, भरून देणारी बाई वेगळी. आमच्या शेजारच्या काकी तीसेक वर्षं कांड्या भरतायत, सकाळी स्वयंपाक झाला की चरख्यापुढं बसायचं, सुताचं रीळ लावायचं, एकेक कांडी भरून टोपलीत टाकायची आणि संध्याकाळी टोपली मागवाल्याकडं पोचवायची, पैसे मिळणार ते मोजणीवर. मालकाच्या वहीत त्यांचं नाव नाही, फक्त कांड्यांचा आकडा असतोय. माग बंद पडले तसा चरखा पण बंद पडला, पण ३,००० रुपये मागावरच्या कामगाराला, कारण त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं होतं. काकी मला एवढंच म्हणाल्या, “आम्ही काय कामच करूलालो नव्हतो काय रे?” त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण अर्जाची. ड्रायव्हरांचे अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर, कन्नड आणि इंग्रजीत, लायसन्स नंबर, बॅज नंबर, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे. मी स्वतः आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणांचे फॉर्म मोबाईलवर भरले, त्यातल्या दोघांचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत, एकाचं आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव जुळेना, कारण एका ठिकाणी मराठी वळणाचं आणि दुसरीकडं कन्नड वळणाचं स्पेलिंग. एवढ्याशा फरकावर ३,००० गेले. कचेरीत तीन चकरा मारल्या, मग त्यानं नाद सोडला.

धंद्याला कर्ज

पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना, १ जून २०२० ला सुरू झाली ती कोविडमुळंच. पहिल्यांदा १०,००० रुपये, तारण नाही, वर्षभरात हप्त्यानं फेडायचे, वेळेवर फेडलं की ७ टक्के व्याज सरकार खात्यात परत देतंय, मग दुसरं २०,००० आणि तिसरं ५०,००० चं. ऑगस्ट २०२५ मध्ये ही योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिला टप्पा १५,०००, दुसरा २५,००० केला, तिसरा ५०,००० चाच ठेवला. म्हणजे ही अजून चालू असलेली वाट आहे, त्यामुळं तुम्ही स्वतःसाठी ठरवत असाल तर नीट बघून घ्या.

खासबागच्या रविवारच्या बाजारात बसणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींबरोबर मी हिशोब केला. त्या आधी दिवसावारी वसुलीवाल्याकडनं घ्यायच्या, १०,००० लिहून हातात ९,०००, आणि रोज १०० प्रमाणं १०० दिवस. वरवर बघितलं तर हजारच जातात, पण ते तीन महिने दहा दिवसांत जातात आणि पहिल्याच दिवसापासनं परतफेड चालू, म्हणजे पूर्ण ९,००० कधी वापरायलाच मिळत नाहीत. बँकेचे १०,००० वर्षभरात फेडायचे तर महिन्याला ९०० च्या आसपास हप्ता बसतोय, सगळं वर्ष धरून व्याज सहा-सातशे, त्यातलं बरंचसं परत. फरक एवढा मोठा आहे की धंदा चालू असलेल्या माणसानं दुसरा विचार करू नये. मावशी म्हणाल्या, “बँकवाला दारात येत न्हाई, वसुलीवाला येतंय, तेवढाच फरक की बाबा.” तो फरक पण खरा आहे, एक दिवस बँकेत गेला की एक दिवसाचा धंदा गेला.

पण बाजारच बंद असताना कर्ज देऊन काय करायचं? लॉकडाऊनमध्ये ज्यानं १०,००० घेतले त्यानं ते खाल्ले, भाजी कुठनं आणणार आणि विकणार कुणाला, आणि हप्ता तर चालूच. कर्ज हे उठून उभं राहिलेल्या माणसाला चार पावलं पुढं न्यायला चांगलं, पडलेल्याला उचलायला नाही. म्हणून संकटातला पहिला पैसा म्हणून कर्ज मला बिलकुल पटत नाही.

आता एक गोष्ट बघा जी आमच्या चर्चेत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मे २०२१ ला फेरीवाल्यांना जे २,००० मिळाले ते स्वनिधीत नोंदणी झालेल्यांना, राज्यात २.२० लाख जणांना. म्हणजे नोंदणीचा कागद झाला होता त्याला दुसऱ्या लाटेत रोख मिळाली. ज्यानं “आपल्याला कर्ज नको बा” म्हणून पालिकेचं शिफारसपत्र, ओळखपत्र काहीच केलं नाही तो दोन्हीकडनं गेला.

वॉर्डात दवाखाना

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आरोग्याला म्हणून ७०,०५१ कोटी वेगळे काढले ते स्थानिक संस्थांमार्फत, त्यात शहरी आरोग्य केंद्रं, तपासण्यांची सोय असली कामं. कर्नाटकात नम्म क्लिनिक म्हणजे वॉर्डातली छोटी सरकारी क्लिनिक १४ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, पहिल्या दिवशी ११४, एकूण ठरलेली ४३८. डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन, फुकट तपासणी आणि औषध. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी सिव्हिलच्या रांगेत सकाळ घालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जवळचा दवाखाना म्हणजे काय ते आम्ही बघतोय. ही गोष्ट टिकणारी आहे, खात्यातली रोख पंधरा दिवसांत संपते, दवाखाना राहतो, हे म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे.

फक्त दोन गोष्टी विचारल्याशिवाय दवाखाना मागू नका. एक, वेळ काय? सकाळी ९ ते दुपारी ४.३० म्हणजे मागावरच्या, हॉटेलातल्या, बांधकामावरच्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, त्यापेक्षा तो मेडिकलवाल्याकडनं दोन गोळ्या घेऊन कामावर जातोय. संध्याकाळचे दोन तास मिळाले तर दवाखाना दुप्पट कामाला येईल. दोन, पगार कुठनं? इमारतीला, मशीनला एकदाच पैसे लागतात आणि ते मिळतात पण, पगार दर महिन्याला लागतोय. पीएम केअर्समधनं देशभर १,२२४ ऑक्सिजन प्लांट मंजूर झाले, चांगलं झालं, पण प्लांट चालवायला माणूस पाहिजे, दुरुस्तीचा करार पाहिजे, नाहीतर ते लोखंड नुसतं उभं. अमेरिकेतल्या शहरांपुढं पण हाच प्रश्न, एकदाच येणाऱ्या पैशातनं माणसं कामावर घेतली तर २०२६ नंतर पगार कुठनं देणार. आणि आपल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि कचरा-स्वच्छतेला बांधलेले होते, राहिलेले ४० टक्के मोकळे पण त्यातनं पगार देता येत नव्हते. त्यामुळं “मोकळ्या पैशातनं दवाखाना चालवा” हे होणारं नाही, दवाखाना आरोग्य खात्याकडनंच मागायला पाहिजे, जागा आणि लाईट-पाण्याचं तेवढं पालिकेकडं.

मग मी काय लिहिणार

माझं मत असं की तिन्हीच्या आधी एक चौथं काम आहे आणि ते सगळ्यात स्वस्त आहे: यादी. रोख वाटायला यादी लागली, कर्जाला यादी लागली, आणि दवाखान्याची वेळ ठरवायला सुद्धा वॉर्डात कोण किती वाजता मोकळं असतंय ते माहीत पाहिजे. संकट आल्यावर यादी करायला बसलं की कांड्या भरणाऱ्या काकी यादीतनं सुटणार, धुणं-भांडीवाल्या सुटणार, पलीकडनं चंदगड तालुक्यातनं कामाला येऊन इथं भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं तर दोन्ही राज्यांच्या यादीतनं सुटणार. यादी आधी असेल तर रोख आठवड्यात पोचते. त्यामुळं माझा क्रम यादी, मग रोख, मग दवाखाना, आणि कर्ज बाजार उघडल्यावर. तुमच्या गावात आरोग्य केंद्रच नसेल, खानापूरच्या जंगलातल्या गावांसारखं पाऊस लागला की रस्ता बंद होत असेल, तर तुम्ही दवाखाना रोखीच्या वर धरा, तिथं पैसे असून पण पोचता येत नाही.

निवेदनात मी हे मागतोय: वॉर्डातल्या असंघटित कामगारांची नोंदणी पालिकेनं गल्लीत येऊन करावी, घरबसल्या काम करणाऱ्या बायका धरून, अर्ज कन्नडबरोबर मराठीत पण असावेत, १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत पण काढावेत हे १९५६ पासनं मान्य केलेलं आहे, आणि नावाच्या स्पेलिंगवरनं अर्ज परत पाठवायच्या आधी एक फोन करावा.

नोंदणी पालिका कधी करेल ती करेल, आम्ही थांबत नाही. येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत वही घेऊन बसतोय, येताना आधार, बँक पासबुक, ड्रायव्हर असेल तर लायसन्स आणि बॅज आणा, सगळ्यांवरचं नाव सारखं आहे काय ते तिथंच बघू आणि नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी भरू. काकींचं नाव मी कालच लिहिलंय, कामाच्या रकान्यात “कांड्या भरणे, ३० वर्षं”.