टॅबू की हेड्स अप: घरच्या मंडळींत काय रंगतं?

ठाण्याच्या आमच्या घरी पाहुणे जमले की हा वाद ठरलेला. टॅबू हा १९८९ सालचा खेळ: कार्डावर आपल्या गड्याकडून ओळखून घ्यायचा एक शब्द, खाली बोलायचे नाहीत असे पाच वर्ज्य शब्द, वाळूचं घड्याळ आणि चूक पकडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात बझर. हेड्स अप हे असाच खेळ खेळायचं २०१३ चं अ‍ॅप. फोन कपाळाला लावायचा, पडद्यावरचा शब्द बाकीचे वाचून सुचवतात, ओळखलं की फोन खाली झुकवायचा, पास असेल तर वर.

हेड्स अप झटक्यात सुरू होतं, पण त्यातले विषय बरेचसे परदेशी. सासूबाई तिथेच गळतात. टॅबूची विकतची कार्डंही इंग्रजीच, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर आम्ही आपली लिहिली. शब्द ‘तलावपाळी’ (ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा काठ), वर्ज्य: तलाव, ठाणे, बोट, गडकरी, फिरणे. सासूबाई पटकन म्हणाल्या, “अगं, मासुंदा!” उत्तर आलं, पण नणंदबाई अडल्या, “मासुंदा म्हणजे तलावच की!” भांडण मिटेपर्यंत वाळू संपली. ही मजा हेड्स अपमध्ये नाही.

अजून वाचता न येणारं पोर असेल तर मात्र फोनच बरा. ते नुसतं ओळखणार, वाचणार बाकीचे. एरवी माझं मत टॅबूलाच. फक्त बझर मामांच्या हाती देऊ नका, ते समोरच्याने तोंड उघडायच्या आतच वाजवतात.