दुसरा शनिवार आणि माझे ५७,०२० रुपये

यंदाच्या चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) कामाला ठेवलेल्या ऑनलाइन मदतनीसने फसवलं आणि माझे ५७,०२० रुपये गेले. लिहायची लाज वाटते. पण फोंड्याला घरून धंदा करणाऱ्या एकीला अशाच मदतनीसचा फोन आल्याचं कळलं, म्हणून लिहिते.

मी डिचोलीला घरी नेवऱ्या, लाडू करते, काजू आणि आमसुलं पुण्या-मुंबईला पाठवते. चवथ जवळ आली की हात पिठात आणि फोन सारखा वाजतो. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं द्यायला, कुरियरच्या मागे लागायला व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे दुरून ऑनलाइन काम करणारी मदतनीस, ठेवली. महिन्याचे ९,०००, निम्मे आगाऊ. आधार कार्डाचा फोटो पाठवला, बोलणं आर्जवी. "ताई, तुम्ही फक्त तळा, बाकी मी बघते." तिने सांगितलेला आठ अक्षरांचा कोड टाकून मी माझं व्हॉट्सअ‍ॅप तिच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. ओटीपी दिला नाही, पिन दिला नाही. मी अडाणी नाही.

पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. पैसे घेणाऱ्याचं नाव माझं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, आमचं कंपनीचं खातं आहे, दर शनिवारी तुमचा हिशेब. आणि शनिवारी ६,२४० रुपये खरंच आले! तिथेच मी निर्धास्त झाले.

पुढच्या शनिवारी काहीच आलं नाही. "ताई, आज दुसरा शनिवार, बँक बंद." मी "बरं" म्हणाले. बरं! रविवारी रात्री अकरालासुद्धा माझे पैसे यूपीआयवर येतात, बँक बंद असली म्हणून यूपीआय थांबत नाही, हे मला रोज दिसतं. कढईत नेवऱ्या होत्या, त्या करपतील म्हणून मी फोन ठेवला. तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन तिला काढून टाकलं असतं तर निदान रविवारच्या सात ऑर्डरी वाचल्या असत्या. सोमवारपासून तिने फोन उचलला नाही. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ती गिऱ्हाइकांना स्वतःचा क्यूआर पाठवत होती, २३ ऑर्डरींचे ५८,७६० त्यावर गेले होते. आलेले ६,२४० वजा करा, आगाऊ दिलेले ४,५०० मिळवा.

असं झालं तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा. मी दोन दिवस "करेल ती फोन" म्हणून वाट बघितली, तेवढ्यात त्या खात्यातून पैसे पुढे गेले.

आणि पोलीस! चौकीवर म्हणाले, सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, पैसे गिऱ्हाइकांच्या खात्यातून गेले, तक्रार त्यांनी करायची. गिऱ्हाइकं म्हणतात, आम्ही तुमच्या नंबरवरून आलेल्या क्यूआरवर भरले, आणि त्यांचं बरोबरच आहे. बँक म्हणते, ते खातं आमच्याकडचं नाही. ऐन हंगामात चार खेपा घातल्या, दर वेळी नव्याने सगळं सांगायचं आणि वर ऐकायचं, "बाई, जोडून तुम्हीच दिलंत ना?" जोडून दिलं म्हणजे चोरी माफ? सायबर तक्रारीच्या पोर्टलवरचा पोचक्रमांक हातात आहे, एफआयआर अजून नाही. मी मात्र २३ जणांना माल पाठवला. नाव माझं होतं.

आधारचा फोटो कुणाचाही असू शकतो. व्हिडिओ कॉलवर चेहरा बघितल्याशिवाय काम देऊ नका. गिऱ्हाइकांना आधीच कळवा की पैसे भरताना अमुक नाव दिसलं तरच भरा. क्यूआर स्वतःच पाठवा.

तिचा नंबर आजही चालू आहे. प्रोफाइलला माझ्याच नेवऱ्यांचा फोटो आहे, आमच्या घरच्या निळ्या काठाच्या ताटातला.